रिळातली हाक

माझा धाकटा भाऊ चालताना कसा दिसायचा, याचं एकही चित्र आमच्याकडं नाही. गणवेशातला एक फोटो आहे, माझ्याच स्टुडिओत मीच काढलेला, आणि तो मला अजिबात आवडत नाही. मान ताठ, डोळे वटारलेले, ओठ घट्ट मिटलेले. तो असा नव्हताच मुळी. एका जागी बसणं त्याच्या कुंडलीत नव्हतं, आणि माझा सिनेकॅमेरा हातात आला की तो दुसऱ्यालाही बसू द्यायचा नाही. त्यामुळं झालंय काय, आमची म्हैस रिळात आहे, वडील आहेत, पाठमोरा मी आहे, शेजारचं लूत लागलेलं कुत्रंसुद्धा आहे. तो तेवढा नाही. रीळ काढणारा रिळात येत नाही, हे मला धंद्यामुळं आधीपासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि सोसणं वेगळं.

आमचं गाव कडेगावच्या बाजूला. भाऊ फौजेत, शेत वडिलांच्या अंगावर, आणि मी सांगलीजवळ माधवनगरात फोटोवाला. आमच्याकडं घरटी एकजण फौजेत असायचाच, त्याचं कुणाला नवल नव्हतं. नवल होतं ते माझं. चारचौघांत वडील म्हणायचे, "धाकला देश राखतुय, थोरला सावल्या धरतुय." माणसं हसायची आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मला राग पटकन येतो. वय झालं तरी तो काही गेला नाही.

चौऱ्याहत्तरच्या सुमाराला मिरजेच्या एका डॉक्टरांकडून मी त्यांचा जुना सिनेकॅमेरा घेतला, लग्नांसाठी. आठ मिलिमीटरचा. घड्याळासारखी चावी द्यायची, मग तो अर्धं मिनिट कुरकुरत चालायचा. आवाज नाही, नुसतं चित्र. रीळ संपलं की धुवायला मुंबईला पाठवायचं आणि महिनाभर पोस्टमनची वाट बघायची. त्याच्या बटणाला एक सोय होती. बटण दाबून वर सरकवलं की ते तिथंच अडकायचं आणि कॅमेरा आपला आपण चालत राहायचा. कॅमेरा कुठंतरी टेकवून, पळत जाऊन आपणही चित्रात उभं राहावं, म्हणून ती सोय. भावानं एकदा तसं करून बघितलं. बटण अडकवलं, पळत जाऊन आईच्या शेजारी उभा राहिला, मिशीला पीळ दिला. चावी द्यायला विसरला होता. आई नंतर आठवडाभर हसत होती.

आईचा त्याच्यावर जरा जास्तच जीव. मी थोरला, मला ते कळायचं, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला वाईटही वाटायचं नाही. तो होताच तसा.

आषाढात बेंदराला तो सुट्टीवर आला आणि श्रावणात परत निघाला. श्रावणातलं आमच्याकडचं आभाळ सगळ्यांना माहीत आहे. आत्ता लख्ख ऊन, आत्ता ढगाची सावली, आणि पुन्हा ऊन. निघायच्या सकाळी तो दारापुढं उभा राहून आईचं चित्र घेत होता. आईनं त्याच्या हातावर दही घातलं. "येतो म्हण," ती म्हणाली. जातो म्हणायचं नसतं. तो "येतो" म्हणाला, पाया पडला. मी त्याची काळी ट्रंक खांद्यावर घेऊन पुढं निघालो, कारण एसटी कुणासाठी थांबत नव्हती आणि त्याच्या त्या चित्रांच्या नादाला मी कंटाळलो होतो. बोळातनं जाताना त्यानं मागून माझं चित्र घेतलं. "दादा, जरा ताठ चाल की, हमालागत दिसतुयास," असं म्हणालाही. मी मागं न बघताच त्याला शिवी हासडली. त्यानंतर तो माझ्यामागनं चालत राहिला. स्टँडवर त्यानं कॅमेरा काढून माझ्या गळ्यात अडकवला आणि म्हणाला, "थोडं रीळ उरलंय. तू संपीव." गाडी आली, तो बसला, गेला.

लढाई नव्हती, काही नव्हतं. नवरात्रात तार आली. डोंगरातल्या रस्त्यावर त्यांची गाडी दरीत गेली होती.

उरलेलं रीळ मी संपवलं नव्हतं, तसंच धुवायला पाठवलं होतं; ते आलं तेराव्यानंतर. मला ते दाखवायचं नव्हतं, पण पाहुणे थांबलेले होते आणि वडील म्हणाले, लाव. सोप्याच्या भिंतीवर पांढरं धोतर बांधलं, मशीन लावलं. संध्याकाळची वेळ, शिवारात पाण्याच्या मोटरी चालू, त्यामुळं लाईट कमी-जास्त होत होती आणि धोतरावरचं चित्रही तसंच उजळायचं, मंद व्हायचं. आई दही घालताना दिसली. म्हैस दिसली. बोळातनं ट्रंक घेऊन चाललेला मी दिसलो, खरोखरच हमालासारखा. मग चित्र काळं झालं. लाईट गेली असं वाटून कुणीतरी "आरं बल्ब बघ" म्हणालं. आणि तेवढ्यात एकदम उजेड आला. दारात आई उभी. चित्र जरा कलतं, पण आई स्पष्ट. हात वर केलेला, तोंड उघडलेलं. बघता बघता ती उजळत गेली आणि जवळ आल्यासारखी झाली, आणि चित्र तिथंच संपलं.

मी दिवा लावला. मग आमची चुलती बोलली. जिभेला हाड नसतं, तिच्या तर नव्हतंच. म्हणाली, "आक्का, मागनं हाक मारलीस व्हय गं तू?"

जाणाऱ्याला मागून हाक मारू नये, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. चुकून मारली गेलीच, तर जाणाऱ्यानं परत घरात यायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग नव्यानं निघायचं. म्हणजे अपशकुन उतरतो. आणि इथं तर सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. आईनं हाक मारली. पोरगा वळला, चार पावलं तिच्याकडं आला. पण आत आला नाही, बसला नाही, पाणी प्याला नाही. तसाच गेला.

आई खाली मान घालून म्हणाली, "लाडवाचा डबा ऱ्हायला हुता."

मी चुलतीवर इतका ओरडलो की वडिलांनी मला बाहेर काढलं. पण ओरडून काय होतं. गेलेला शब्द गेला होता, आणि खरं तर चुलतीच्या आधीच आईनं स्वतःला तेच विचारलेलं होतं. त्या दिवशी ते फक्त भिंतीवर उमटलं.

त्यानंतर आईनं हाक मारणं सोडलं. कुणालाच. वडील शेतात असले तर ती बांधापर्यंत चालत जायची आणि जवळ जाऊन उभी राहायची. मी घरातून निघताना काही विसरलो तर धावत येऊन सदरा धरायची, दम लागलेला असायचा, पण तोंडातून आवाज नाही. म्हशीला हाळी नाही, कोंबड्यांना बोलावणं नाही. आधी तिचा आवाज तिसऱ्या आळीला ऐकू जायचा. मी सांगलीला निघालो की ती दारातही यायची नाही, आत चुलीशी बसायची. माझी बायको म्हणायची, "आवं, आत्याबाई आतल्या आत मरायला लागल्यात." मला ते दिसत होतं. काय करावं ते कळत नव्हतं.

दोन-एक वर्षं अशीच गेली. मग कवठे महांकाळच्या बाजूचं एक लग्न आलं. वरात गॅसबत्त्यांच्या उजेडात निघाली होती, मी कॅमेरा एका ओट्यावर टेकवून चित्र घेतलं. रीळ धुऊन आल्यावर वरबाप माझ्याकडं तणतणत आला. म्हणाला, तुमचा हात सगळा हलतोय, नवरदेव एकदा हिकडं पळतोय, एकदा तिकडं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, हात हलायला कॅमेरा हातात होता कुठं. त्याला तिथंच बसवला आणि हातानं फिरवायच्या छोट्या यंत्रात रीळ घातलं. त्या यंत्राला पोस्टकार्डाएवढा काचेचा पडदा असतो, एकेक चित्र थांबवून बघता येतं. काचेवर बटर पेपर लावला, मागच्या देवळाच्या पायरीचा कोपरा प्रत्येक चित्रात कुठं येतो तिथं पेन्सिलीनं टिंब काढत गेलो. सगळी टिंबं एकावर एक. कॅमेरा तसूभर हलला नव्हता. हलत होत्या त्या गॅसबत्त्या. बत्ती वाहणारा पुढं सरकला की सावल्या मागं पळायच्या, आणि डोळ्याला वाटायचं, चित्रच फिरलं. उजेड हलतो आणि आपण म्हणतो हात हलला.

वरबाप वरमून गेला. मी मात्र तसाच बसून राहिलो. मला धोतरावरचं ते काळं चित्र आठवलं होतं.

कपाटातून भावाचं रीळ काढलं. धोतरावर बघितलं तेव्हा लाईट मंद होती, त्यामुळं तो काळा तुकडा नुसता काळाच दिसला होता. यंत्राच्या बल्बपुढं तो काळा नव्हता. त्यात अगदी पुसट काहीतरी होतं. मी भिंग लावलं. आमच्या दारापुढच्या तुळशीचा कट्टा होता तो, बेंदराला चुना दिलेला, त्याचा एक पांढरा कोपरा. म्हणजे त्या काळ्या तुकड्यातही कॅमेरा आमच्या दाराकडंच तोंड करून होता. पहिल्यापासून. दारावर ढगाची सावली होती आणि कॅमेरा लख्ख उन्हासाठी लावलेला, म्हणून आई दिसत नव्हती, एवढंच. ढग सरला, ऊन पडलं, आई दिसली. आणि आम्ही सगळे म्हणालो, तो वळला.

मी बटर पेपर लावला आणि त्या पांढऱ्या कोपऱ्याची टिंबं काढायला बसलो. आधी अंधारातली, मग उजेडातली. टिंबं खाली-वर जात होती, एकसारखी, चालणाऱ्या माणसाच्या खांद्यासारखी. कोपरा हळूहळू बारीक होत होता. दाराची चौकटही बारीक होत होती. जवळ आली असं वाटलं ते नुसत्या उन्हामुळं. पट्टी लावली तर ती लांब लांब चालली होती. माझी बायको चहा घेऊन आली, तो तिथंच गार झाला.

आणखी एक गोष्ट होती. भाऊ डोळ्याला कॅमेरा लावून चालायचा तेव्हा डोक्यावर भरली घागर असल्यासारखा चालायचा, गुडघे वाकवून, जपून. बोळातलं माझं चित्र तसं होतं, सावकाश. हे शेवटचं तसं नव्हतं. हे मोकळं होतं, झोकात. कॅमेरा त्याच्या डोळ्याला नव्हताच. त्यानं माझं चित्र घेतलं, पुन्हा चावी दिली आणि कॅमेरा खांद्याला अडकवला. पट्टा ओढताना बटण वर सरकलं असणार. कॅमेरा त्याच्या पाठीवर लोंबकळत होता, भिंग मागं, म्हणून चित्र कलतं. तो पुढं बघून आपला चालला होता माझ्यामागनं, आणि पाठीवरचा कॅमेरा आपला आपण आईला बघत होता.

आई हाक मारते, तिथली टिंबं मी पुन्हा पुन्हा तपासली. तोंड उघडण्याच्या आधी, उघडल्यावर, हात वर गेल्यावर. पाऊल कुठंही अडखळत नाही. मान वळवली तरी खांदा हलतो, कॅमेरा बाजूला जातो. तेवढंही नाही. त्याला हाक ऐकूच गेली नव्हती. मीही पुढंच होतो, मलाही गेली नव्हती.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी बायकोला म्हणालो, सुटली म्हातारी. जी हाक पोचलीच नाही तिचा कसला आलाय अपशकुन. दुसऱ्याच दिवशी गावाकडं गेलो आणि आईला एसटीत घालून माधवनगरला घेऊन आलो. वाटेत तिनं चारदा विचारलं काय झालंय, मी म्हणालो, दाखवतो.

दुपारी स्टुडिओचं दार लावून घेतलं, पडदे ओढले, आईला यंत्रापुढं स्टुलावर बसवलं. सावकाश फिरवत सगळं समजावलं. हा बघ तुळशीचा कट्टा. हा ढग. ही तू. ही टिंबं बघ, हे त्याचं पाऊल, हे दुसरं. मी बोलत सुटलो होतो. आई काचेवर वाकली. मग तिनं माझा हात बाजूला केला आणि स्वतःच दांडा फिरवायला लागली. काळ्यापासून उजेडापर्यंत, पुन्हा मागं, पुन्हा पुढं. माझ्या लक्षात आलं की ती चित्रातल्या आईकडं बघतच नव्हती. ती तो हेलकावा बघत होती.

"असाच चालायचा," ती म्हणाली. "डावा खांदा पाडून. लहानपणापास्नं."

मी म्हणालो, "म्हणून सांगतोय आई. तो वळला नाही. तुझी हाक त्याला लागली नाही. तुझ्यामुळं काही झालं नाही."

ती दांडा फिरवायची थांबली. बाहेर गिरणीचा भोंगा झाला, पाळी सुटली, रस्त्यावर सायकलींचा आवाज आला.

"म्हंजी त्येनं मला बघितलंच न्हाई," आई म्हणाली.

मी टिंबांचा कागद बाजूला ठेवला.

"डबा ऱ्हायला न्हवता रं," ती म्हणाली. "डबा म्या आधीच पिशवीत घातला हुता. मला निस्तं त्येचं त्वांड बघायचं हुतं आणि एकदा. म्हनून हाक मारली. मला आठवत न्हवतं त्यो वळला का न्हाई, डोळं भरल्यालं, काय दिसत न्हवतं. मग तू भितीवर दावलंस. वळला हुता. माझ्याकडं आला हुता. म्या म्हनलं, आसूंदे. पाप लागलं तर लागलं मला. पर बघितलं की त्येनं मला."

मग तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला, जसं काही मलाच धीर द्यायचा होता, आणि म्हणाली, "चांगलं केलंस. खरं ते खरं."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. दोन वर्षं ती एका पापाला घट्ट धरून बसली होती, कारण त्या पापाच्या पदराला तिच्या पोराची शेवटची नजर बांधलेली होती. मी शहाण्यानं पट्टी आणि पेन्सिल लावून दोन्ही काढून घेतलं. बायको आजही म्हणते, तुम्ही बोलायला नको होतं. मी म्हणतो, मग काय तिला तसंच मुकं मरू द्यायचं होतं? यावर आम्ही कितीदा भांडलोय. मला अजूनही माझंच खरं वाटतं, आणि तरीही ते रीळ मी पुन्हा लावलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईला गावी पोचवलं. रात्री राहिलो. सकाळी परत निघालो तेव्हा ती चुलीशी होती, दारात आली नाही. पिशवी घेतली, तुळशीपाशी पाया पडलो, बोळाला लागलो. आभाळ स्वच्छ होतं, थंडीचे दिवस, कोवळं ऊन. बोळाच्या वळणावर आलो आणि मागून हाक आली.

दोन वर्षांनी तिचा हाकेचा आवाज ऐकत होतो. तिसऱ्या आळीला ऐकू जाईल असा. आणि हाक माझ्या नावाची नव्हती, त्याच्या नावाची होती.

मी तिथंच थांबलो. मग ओ दिली आणि वळलो. ती दारात उभी होती, हात वर केलेला, अगदी रिळातल्यासारखी. मी तिच्याकडं चालत गेलो. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मी जवळ येईपर्यंत, आणि जवळ आल्यावरही. आपण कुणाच्या नावानं हाक मारली हे तिला ठाऊक होतं, मलाही. ती बाजूला सरली. मी आत गेलो, सोप्यात बसलो. तिनं तांब्या भरून आणला, मी पाणी प्यालो.

"आता जा," ती म्हणाली. "येतो म्हण."

मी "येतो" म्हणालो. एसटी कधीच गेली होती.